डॉ. होमी भाभा यांची बंगलोरची वर्षे

तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झाले, तेव्हा त्याचे योजक डॉ. होमी जहांगीर भाभा हयात नव्हते. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान-अपघातात त्यांचे देहावसान झाले होते. त्यांची ही उत्तरकीर्ती आम्हां तारापूरकरांस ठाऊकच आहे. आमच्या ज्ञातीचे जे तरुण नव्यानेच महाविद्यालयांत अध्यापक झाले आहेत, त्यांच्यासाठी आम्ही येथे भाभांच्या पहिल्या नोकरीचा वृत्तांत देतो.

1909 साली मुंबईस जन्मलेले भाभा केंब्रिजला नावारूपास आले होते. 1939 साली ते सुटीवर स्वदेशी आले आणि महायुद्धाने परतीची वाट रोखली. तेव्हा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात, त्यांनी प्रपाठकाची जागा पत्करली. युद्ध केव्हा सरते याची वाट पाहत ते स्वस्थ बसले नाहीत. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे साह्य मिळवून त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा लहानसा विभाग उभारला. दोराबजींच्या पत्नी त्यांच्या आत्या होत. असे आप्त प्रत्येक अध्यापकास कोठून लाभणार? तथापि द्रव्य मिळणे निराळे आणि ते विद्येच्या कामी लागणे निराळे. 1941 साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, 1942 साली प्राध्यापक. पुढे थोर गणिती ठरलेले हरीश-चंद्र याच काळात त्यांच्या हाताखाली काम करीत होते.

युद्ध सरण्यापूर्वीच, मार्च 1944 मध्ये, मूलभूत संशोधनाची स्वतंत्र संस्था मुंबईत असावी असे त्यांनी विश्वस्तांस लिहून कळविले. केंब्रिजची वाट मोकळी झाली, तेव्हा ते त्या वाटेस गेले नाहीत. 1945 साली संस्था बंगलोरलाच सुरू झाली व वर्ष सरण्याच्या आत मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली.