मार्कोनींची डोलकाठीवरची तार

1898 च्या उन्हाळ्यात इंग्लंडचे युवराज एडवर्ड यांचा गुडघा दुखावला. वाइट बेटाजवळ ‘ऑस्बॉर्न’ या राजनौकेवर ते विश्रांती घेत होते. बेटावरच्या प्रासादात राणी व्हिक्टोरिया मुलाच्या प्रकृतीची वाट पाहत होत्या. पण मध्ये टेकडी होती. अखेर नौकेच्या डोलकाठीवर एक तार चढवली गेली. 16 दिवसांत सुमारे 150 बिनतारी संदेश गेले-आले, त्यांत डॉक्टरांचे निरोपही होते. ही करामत होती 24 वर्षांच्या गुलिएल्मो मार्कोनी यांची.

त्यांचा जन्म 25 एप्रिल 1874 रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. 1895 मध्ये घरीच प्रयोग करताना त्यांना एक गोष्ट उमगली. तारेचे एक टोक उंच नेले आणि दुसरे जमिनीत पुरले की संदेश टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरपर्यंत पोहोचतो.

पुढे त्यांचा बराच काळ समुद्राशी जोडला गेला. डिसेंबर 1901 मध्ये न्यूफाउंडलंडला सोसाट्याच्या वाऱ्यात त्यांनी पतंगाला तार बांधून ती सुमारे दीडशे मीटर उंच नेली आणि अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकल्याचे जाहीर केले. 1902 मध्ये जहाजावरील प्रयोगांत संदेश दिवसापेक्षा रात्री फार दूर जातात, हे त्यांना दिसले. 1909 मध्ये त्यांना ब्राऊन यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. 1912 मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा बिनतारी हाकेमुळेच मदतीचे जहाज आले आणि सातशेहून अधिक जीव वाचले.

1919 मध्ये त्यांनी ‘एलेत्रा’ ही नौका घेऊन तिचीच प्रयोगशाळा केली. तिथे अभ्यासलेल्या लघुलहरींच्या बळावर 1927 मध्ये पुण्याजवळच्या खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली. हृदयविकार जडूनही त्यांचे काम थांबले नाही. 20 जुलै 1937 रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा अनेक देशांची नभोवाणी केंद्रे दोन मिनिटे मूक झाली.

शिडाच्या बोटीवर आज मोबाइलचा अँटेना बसवतानाही उंचीच महत्त्वाची ठरते. पाण्यापासून दोन मीटरवरून क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर असते, तर सोळा मीटरच्या डोलकाठीवरून चौदा. मात्र लांब केबलमध्ये संदेश क्षीण होतो, म्हणून ती चांगल्या प्रतीची हवी. शिवाय एका अरुंद पट्ट्यातच लहरी फेकणारा अँटेना वाऱ्याने बोट कलली की आकाशाकडे किंवा पाण्याकडे तोंड करतो. त्यापेक्षा रुंद पट्टा सांभाळणारा मध्यम क्षमतेचा बरा. किनाऱ्यापासून दूर कुणी आजारी पडले, तर डॉक्टरांपर्यंत हाक पोहोचणार की नाही, हे आजही डोलकाठीवरच्या त्या छोट्याशा तुकड्यावर ठरू शकते.