अनागारिक धर्मपाल : लंकेत आणि सारनाथला

कोलंबोतील एका धनिक फर्निचर व्यापाऱ्याच्या घरी १७ सप्टेंबर १८६४ रोजी जन्मलेल्या मुलाचे नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे असे ठेवण्यात आले. बौद्ध कुळातील मुलाला असे नाव का, हा प्रश्न इंग्रजी अमलाखालील लंकेत फारसा कोणास पडत नसे. शिक्षणही मिशनऱ्यांच्या शाळांतच झाले. पुढे त्यांनी ते नाव टाकले, घरसंसाराचा मार्ग टाकला, आणि ते अनागारिक धर्मपाल झाले.

जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी बोधगया पाहिली. महाविहार शैव महंतांच्या ताब्यात होता आणि पूजास्थान उपेक्षित पडले होते. त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन झाली. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेहून परतताना होनोलुलू येथे मेरी फॉस्टर यांची गाठ पडली आणि त्यांच्या दानाचा ओघ पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

मायदेशी त्यांनी गावोगाव हिंडून मद्यपानाविरुद्ध प्रचार केला, शाळांसाठी झटले, १९०६ मध्ये सिंहली वृत्तपत्र काढले. परकीयांच्या अनुकरणात लाज न वाटणाऱ्या समाजाची मान त्यांनी ताठ केली. हा राष्ट्रवाद मुक्तिदायी होता. परंतु सिंहली तोच लंकेचा खरा धनी, असे ते मानू लागले. मुस्लिम व्यापाऱ्यांविषयी त्यांनी अत्यंत कटू लिहिले. स्मरणिकांत हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळू नये.

१९१५ मध्ये कँडीत सिंहली बौद्ध व मुस्लिम यांच्यात दंगल पेटली आणि ती दूरवर पसरली. धर्मपाल तेव्हा कोलकात्यात होते. सरकारने त्यांना तेथेच अनेक वर्षे स्थानबद्ध ठेवले. बंधू एडमंड जाफना येथे तुरुंगात मरण पावले. सरकारची दडपशाही अन्यायाचीच होती, आणि दंगलीचा दोष एकट्या धर्मपालांच्या माथी मारता येत नाही. तरी मने कलुषित करण्यात त्यांच्या लेखणीचा वाटा नव्हता, असेही म्हणवत नाही.

याच गृहस्थांनी सारनाथला उभारलेला मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये खुला झाला. त्यात हवाईच्या बाईंचे धन होते, आणि पुढे त्याच्या भिंती जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांनी रंगविल्या. तेथे कोण कोणत्या देशाचा, हे कोणी विचारले नाही. सारनाथलाच १९३३ मध्ये त्यांनी भिक्खू म्हणून उपसंपदा घेतली आणि २९ एप्रिल रोजी, मायदेशापासून दूर, देह ठेवला.