वरोऱ्याचे बाबा आमटे: घमेलं उचलायला शिकवणारं विद्यापीठ

वरोऱ्यात १९६४ साली आनंद निकेतन नावाचं महाविद्यालय सुरू झालं. पुढच्याच वर्षी कृषी महाविद्यालयही आलं. कॉलेजं सगळीकडेच निघतात, यात काय विशेष, असं वाचकांना वाटेल. विशेष हे की ही कॉलेजं वरोऱ्याला दिली ती वरोऱ्याने आणि आसपासच्या गावांनी टाकून दिलेल्या माणसांनी. ज्यांची बोटं झडली होती, ज्यांना घरच्यांनी रात्रीच्या अंधारात वेशीबाहेर सोडलं होतं, अशा कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या स्त्री-पुरुषांच्या घामातून ही कॉलेजं उभी राहिली. ज्या घरांत त्यांच्या हातचं पाणी कुणी घेतलं नसतं, त्या घरांतली पोरं तिथे शिकून पदवीधर झाली.

हा उलटा व्यवहार ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते मुरलीधर देविदास आमटे. सगळा महाराष्ट्र त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखतो. कुष्ठरोग्यांचे सेवक ही त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून आपल्या मुलांना होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. आम्हाला मात्र त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहायचं आहे. कॉलेजच्या पोरांना पुढारपण शिकवण्याचं एक केंद्रच या माणसाने चंद्रपूरच्या जंगलात चालवलं, आणि तेही कुठल्या विद्यापीठाचा शिक्का नसताना. आपल्या समाजात नेतृत्व म्हटलं की तिकीट, स्टेज, शाल आणि चौकातला बॅनर एवढंच डोळ्यापुढे येतं. आपली पोरं हुशार आहेत, बोलायला तेज आहेत, पण त्यांना सार्वजनिक कामाची सवय कुठे लागणार, हा प्रश्न मोहल्ल्यामोहल्ल्यात आहे. म्हणून ही हकीकत.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. वरोऱ्याजवळ गोरजे इथे मोठी शेती, हाताखाली नोकरचाकर. तरुण मुरलीधरला शिकारीचा शौक, मोटारीचा शौक आणि सिनेमाचा तर इतका की इंग्रजी मासिकात तो चित्रपटांवर लिहायचा. वकिली शिकला आणि वरोऱ्यात जम बसवला. १९४२च्या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांसाठी त्याने वकील जमवले. रेल्वेच्या डब्यात गोरे सैनिक एका तरुणीची छेड काढत होते, तेव्हा हा एकटा त्यांच्या अंगावर गेला आणि मार खाऊनही हटला नाही. गांधीजींच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी त्याला अभयसाधक असं नाव दिलं. डिसेंबर १९४६मध्ये नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदूशी लग्न झालं. त्याच पुढे साधनाताई. वरोऱ्याच्या श्रमाश्रमात, वेगवेगळ्या जातींच्या कष्टकरी कुटुंबांसोबत एका चुलीवर जेवत, या दोघांचा संसार सुरू झाला. साधनाताई सोवळ्याओवळ्याच्या घरातून आल्या होत्या. त्यांनी काय काय गिळलं असेल, याचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही.

बाबा त्या वेळी वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांनी पगारवाढ मागितली. डोक्यावरून मैला वाहण्याचा तो काळ. वाटाघाटीत कामगारांनी या वकीलसाहेबाला सुनावलं की एकदा टोपली उचलून बघा आणि मग बोला. बाबांनी टोपली उचलली. एक दिवस फोटोपुरती नव्हे, जवळजवळ नऊ महिने रोज पहाटे ते मैला वाहत राहिले. पुढारपणाचा पहिला धडा त्यांना गावातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवलेल्या माणसांनी दिला आणि त्यांनी तो मुकाट घेतला.

याच काळात, पावसात, गटाराकडेला त्यांना एक मांसाचा गोळा दिसला. जवळ गेल्यावर कळलं की तो माणूस आहे. तुळशीराम त्याचं नाव. कुष्ठरोगाने बोटं गेलेली, जखमांत किडे वळवळताहेत. गोऱ्या शिपायांना न भ्यालेला हा माणूस तिथून घाबरून पळाला. मग त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. परत फिरले, तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याला खाऊ घातलं, जखमा धुतल्या. तुळशीराम काही वाचला नाही. बाबांनी मात्र ठरवलं की जिथे भीती वाटली, काम तिथेच करायचं.

त्यांनी आधी या रोगाचं शास्त्र शिकून घेतलं. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अभ्यासक्रम पुरा केला. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात टोचून घ्यायलाही ते तयार झाले. टोचले, पण रोग झाला नाही. डॅप्सोनसारखं औषध तेव्हा नुकतंच हाताशी येत होतं, म्हणजे रोग बरा होऊ शकत होता. बरा होत नव्हता तो समाज. कायद्यालाही वेळच लागला. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा १९३९चा. त्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे तलाक मागण्याचं एक कारण होतं. हिंदू विवाह कायद्यातही तसंच कलम होतं. ही कलमं संसदेने काढली २०१९ साली. औषध मिळून दोन पिढ्या उलटल्या होत्या.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ माळ दिला. १९५१मध्ये सहा रुग्ण, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालं. विनोबा उद्‌घाटनाला आले. विहीर खणायला सुरुवात झाली ती बोटं नसलेल्या हातांनी, कुदळी मनगटाला धरून. इथे दया मिळणार नाही, काम मिळेल, हा बाबांचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता होता. भीक मागून माणूस जगतो, पण ताठ उभा राहत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती.

पिकलं तेव्हा नवीनच अडचण उभी राहिली. आनंदवनची भाजी, आनंदवनचं दूध घेणार कोण? वरोऱ्याचा बाजार हात लावीना. कोंडी फुटायला मदत झाली ती बाहेरून आलेल्या पोरांची. १९५४च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले. रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, दवाखान्याच्या इमारती बांधल्या, त्यांच्याबरोबरच जेवले. हे गोरे लोक इथे काय करतात, हे बघायला वरोऱ्याची माणसं येऊ लागली. आली, बसली, चहा प्याली. त्यांच्या मनातली भीती भाषणाने गेली नव्हती. तरुण पोरं शेजारी बसून जेवताना दिसली तेव्हा ती ओसरू लागली. तरुणांचं श्रमशिबिर काय करू शकतं, हे बाबांना तिथे दिसलं असावं, असा आमचा अंदाज आहे.

कारण पुढे सोमनाथ आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळ जंगलाला लागून असलेली मोठी जमीन १९६७ साली संस्थेला मिळाली. बाबांच्या मनात तिथे श्रमिकांचं विद्यापीठ काढायचं होतं. ज्यांनी हाताने काम केलं त्यांना ज्ञान मिळावं आणि ज्यांनी पुस्तकं वाचली त्यांच्या हाताला घट्टे पडावेत, अशी ती कल्पना. कागदावरचं विद्यापीठ काही झालं नाही. कुलगुरू आले नाहीत, पदव्या वाटल्या नाहीत. झाली ती दरवर्षी मे महिन्यातली श्रमसंस्कार छावणी, आणि आमच्या मते तीच खरी विद्यापीठाची इमारत.

मे महिन्यातला चंद्रपूर ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात. अशा दिवसांत पुण्या-मुंबईची, नागपूर-अमरावतीची, खेड्यापाड्यांची शेकडो मुलंमुली स्वतःच्या खर्चाने तिथे यायची. भल्या पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत कुदळ, फावडं, घमेलं घेऊन बांधबंदिस्ती, नाली, तळं असं जे काम असेल त्यावर जायचं. रांगेत घमेलं हातोहात सरकतं तेव्हा पुढचा कोणाचा कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायला फुरसत नसते. दुपारी चर्चा, व्याख्यानं, वादविवाद. संध्याकाळी गाणी. आणि ज्यांच्या गावात ही पोरं आठवडाभर पाहुणी असायची, ते यजमान म्हणजे कुष्ठमुक्त शेतकरी. शहरातली मुलगी पहिल्या दिवशी त्यांच्या हातची भाकरी घेताना बिचकायची, तिसऱ्या दिवशी मागून घ्यायची. सेवा करायला आलो होतो, प्रत्यक्षात ती माणसंच आपल्याला खाऊ घालताहेत, हे एकदा लक्षात आलं की मुलांचा नूर बदलायचा.

त्याच काळात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं होती, आज जवळजवळ प्रत्येक कॉलेजात ती आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि शेवटी प्रमाणपत्र. वाईट नाही, आपल्या घरातल्या कित्येक मुलींना गावाबाहेर पहिलं पाऊल टाकायला याच योजनेच्या शिबिरांनी मिळालं आहे. पण तास भरले की सेवा संपली, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. सोमनाथला प्रमाणपत्रासाठी जाण्यात अर्थच नव्हता. तिथून परतलेल्या काहींनी पुढे महाराष्ट्रभर आपापली कामं उभी केली. डिसेंबर १९७३मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली जिल्हा नंतर १९८२ला झाला. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या सोबतीला तिथे जे कार्यकर्ते टिकले, ते याच मातीत तयार झालेले होते.

आता १९८५. इंदिरा गांधींची हत्या आणि पाठोपाठ शिखांची कत्तल होऊन वर्षच झालेलं. पंजाब धगधगत होता. शाहबानो निकालावरून आपल्या समाजातही खळबळ होती. बाबांचं वय ७१ होणार. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नव्हतं; एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. अशा माणसाने भारत जोडो काढलं. २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून ११६ तरुण-तरुणी सायकलींवर निघाले, त्यांत १६ मुली. बाबा गाडीत बिछान्यावर. काश्मीरच्या दिशेने ५,०४२ किलोमीटर. ही पोरं रस्त्यावर असतानाच, १ फेब्रुवारी १९८६ रोजी, फैजाबादच्या न्यायालयाच्या आदेशाने बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं. त्यानंतर देशात काय काय झालं ते आपल्याला कुणी सांगायला नको, आपण ते भोगलं आहे. शंभराहून जास्त सायकलींनी ते थांबणार नव्हतं आणि थांबलंही नाही. तरी पुढे १९८८मध्ये ते पुन्हा निघाले, या वेळी इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटर. एका बाजूला रथ निघायच्या तयारीत असताना दुसऱ्या बाजूला कुणीतरी सायकली काढल्या होत्या आणि त्यांवर हिंदू घरांतलीही पोरं होती, हे आपल्या मुलांना माहीत असावं. फक्त वाईटच आठवत राहिलो तर त्या पोरांवर अन्याय होईल.

यानंतरचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. १९९०मध्ये बाबा आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. बुडणाऱ्या गावांच्या बाजूने उभे राहिले आणि जवळजवळ दशकभर तिथेच राहिले. मॅगसेसे, टेम्पल्टन असे मोठे पुरस्कार त्यांना मिळाले होते. सरकारची पद्मश्री आणि पद्मविभूषण मात्र नर्मदेच्या आदिवासींना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधात त्यांनी १९९१ला परत केली. धरण काही थांबलं नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. इतके तरुण घडवणाऱ्या माणसाच्या संस्थांची धुरा पुढे बरीचशी घरातच राहिली. मुलांनी आणि सुनांनी जे केलं ते सोपं नव्हतं, त्याचा आदर आहेच. पण छावणीतून इतकी माणसं निघाली, तर त्यांतली बाहेरची माणसं वरच्या जागी अधिक दिसायला हवी होती, असं आम्हाला वाटतं. आपल्या शाळा, संस्था, ट्रस्ट यांच्यात हीच तक्रार किती जुनी आहे, ते वाचकांना माहीत आहे.

९ फेब्रुवारी २००८ रोजी, ९३ वर्षांचे असताना, रक्ताच्या कर्करोगाने बाबा आनंदवनातच गेले. चितेवर न ठेवता आपल्याला मातीत पुरावं, ही त्यांची इच्छा होती आणि तसंच झालं. ज्या माळावर सहा रुग्णांनी कुदळ मारली होती, त्याच जमिनीत त्यांना दफन केलं. खांदा द्यायला आणि माती द्यायला आनंदवनची माणसं होती. तीन वर्षांनी, जुलै २०११मध्ये, साधनाताईंनाही आनंदवनातच माती दिली.