पंधरा-पंधरा व्होल्टने

सायकॉलॉजी आपल्या सिलॅबसमध्ये नाही, तरी यंदा मी एका सायकॉलॉजिस्टबद्दल लिहायचं ठरवलं. कारण हा माणूस जगाच्या लक्षात राहिला तो एका इलेक्ट्रिकल मशीनमुळे, आणि ते मशीन चक्क खोटं होतं! (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासून दिलंय. व्होल्टेज मात्र मी तपासलंय.)

स्टॅन्ली मिलग्रमचा जन्म १५ ऑगस्ट १९३३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, वडील बेकरीवाले. हा शाळेत जात होता तेव्हा तिकडे हिटलरच्या राज्यात सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. आईवडिलांनी समुद्र ओलांडला नसता तर आपणही त्यांच्यातच असतो, हा विचार त्याच्या मनातून कधी गेला नाही.

कॉलेजात मात्र तो पॉलिटिकल सायन्स शिकला. १९५४ साली हार्वर्डला सोशल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी अर्ज केला तर नकार आला, कारण सायकॉलॉजीचा अभ्यासच नव्हता. पठ्ठ्याने त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या वेगवेगळ्या कॉलेजांत कोर्सेस उरकले आणि प्रवेश मिळवला. आपण सुट्टीत केटीचे दोन पेपर काढताना रडतो!

हार्वर्डला त्याला सॉलोमन ॲश भेटले. ॲश यांचा प्रयोग साधा होता. कागदावरच्या रेषांपैकी कुठली कुठलीएवढी आहे ते सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि मग बिचारा खरा माणूसही बऱ्याचदा तेच देई. मिलग्रमने पीएचडीसाठी हाच प्रकार रेषांऐवजी आवाज वापरून नॉर्वे आणि फ्रान्समध्ये केला. त्यातला एक भाग इंजिनिअर मंडळींनी जरूर लक्षात ठेवावा. काही जणांना सांगितलं होतं की तुमची उत्तरं विमानाच्या सेफ्टी सिग्नल्ससाठी वापरली जाणार आहेत. तरीसुद्धा घोळक्याच्या मागे जाणं थोडंसंच कमी झालं.

१९६० मध्ये तो येल युनिव्हर्सिटीत नोकरीला लागला. पुढच्याच वर्षी जेरुसलेमला ॲडॉल्फ आइकमनवर खटला उभा राहिला. लाखो ज्यूंना आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांत धाडण्याची व्यवस्था बघणारा हा अधिकारी. त्याचा बचाव एकच, मी फक्त वरून आलेले हुकूम पाळले. तो खटला चालू असतानाच, ऑगस्ट १९६१ मध्ये, मिलग्रमने आपलं मशीन चालू केलं.

पेपरात जाहिरात दिली, स्मरणशक्तीच्या प्रयोगासाठी माणसं हवीत, मोबदला चार डॉलर आणि येण्याजाण्याचे पन्नास सेंट. आलेला माणूस व्हायचा 'शिक्षक'. 'विद्यार्थी' म्हणजे मिलग्रमचाच एक माणूस, शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधलेला. उत्तर चुकलं की शॉक द्यायचा, आणि दर चुकीला एक बटण पुढे जायचं. पॅनेलवर तीस बटणं, १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत. आपल्या घरात २३० असतात, लॅबमधला थ्री फेज ४१५ चा, म्हणजे ४५० काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. ३०० ला विद्यार्थी भिंतीवर हात आपटायचा, नंतर नुसती शांतता. शिक्षक थांबला की राखाडी कोटातला प्रयोगकर्ता शांतपणे पुढे चालू ठेवायला सांगायचा. बंदूक नाही, धमकी नाही, पैसे कापणं नाही.

आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं होतं, शेवटपर्यंत कितीजण जातील? त्यांचा अंदाज हजारात एखादा. प्रत्यक्षात पहिल्या ४० पुरुषांपैकी ३०० च्या आधी एकही थांबला नाही, आणि २६ जण थेट ४५० पर्यंत गेले. मजेत नाही हं. घाम फुटलेला, हात थरथरतायत, कुणी विचित्र हसतंय, पण बटण दाबतायत.

मला यातलं डिझाइन भयंकर वाटतं. एकदम ४५० द्यायला सांगितले असते तर बहुतेकांनी तोंडावर नाही म्हटलं असतं. पण १५० दिलेत ना, मग १६५ ला काय हरकत? हॉस्टेलमध्ये रॅगिंग असंच चालतं. पहिल्या रात्री नुसतं नाव सांगायचं, दुसऱ्या रात्री गाणं म्हणायचं, मग कुणाची तरी असाइनमेंट लिहायची, आणि पाचव्या रात्री आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू हा प्रश्न. आमच्या विंगमध्ये दोघी सरळ उठून चालू लागल्या, तेव्हा बाकीच्यांचेही पाय हलले.

मिलग्रमला हेही सापडलं होतं. प्रयोगाचे त्याने बरेच प्रकार केले. हुकूम फोनवरून आला तर साधारण पाचातला एकच शेवटपर्यंत जाई, आणि काही जण तर फोनवर हो हो म्हणून कमीच शॉक देत. शेजारी बसलेल्या दोन शिक्षकांनी (तेही मिलग्रमचेच) मध्येच नकार दिला, तर ४० पैकी फक्त चौघे ४५० ला पोचले. आणि दोन प्रयोगकर्ते एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागले तेव्हा तर एकही नाही. बायकांचं काय? अगदी पुरुषांइतकंच, ६५ टक्के. आम्ही मुली फार हळव्या वगैरे समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

१९६३ मध्ये निबंध छापून आला आणि टीकेचा पाऊस पडला. माणसांना फसवून इतका ताण द्यायचा हक्क याला कुणी दिला? प्रश्न रास्तच आहे, आज कुठलीही युनिव्हर्सिटी असा प्रयोग करू देणार नाही. पुढे त्याच्या कागदपत्रांतून असंही दिसलं की बऱ्याच जणांना शॉक खोटा असल्याचा संशय होता, आणि कित्येकांना खरं काय ते लगेच सांगितलंच नव्हतं. हे मला जास्त खटकतं. मात्र निष्कर्ष मोडीत निघाला नाही. २००९ साली अमेरिकेतच १५० व्होल्टला थांबवून हा प्रयोग पुन्हा छापला गेला, तेव्हाही ७० टक्के लोक पुढे जायला तयार होते.

हार्वर्डने त्याला कायम केलं नाही, म्हणून १९६७ पासून तो न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत शिकवू लागला. अनोळखी माणसापर्यंत ओळखी-ओळखीतून पत्र पोचवण्याचा प्रसिद्ध प्रयोगही त्याचाच. २० डिसेंबर १९८४ ला हार्ट ॲटॅकने गेला, वय अवघं ५१.

पण मला सगळ्यात आवडली ती त्याची सबवेमधली गोष्ट. सत्तरच्या दशकात त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, गाडीत कुठलंही कारण न देता लोकांकडे बसायची जागा मागा. पोरं तयार होईनात. मग म्हणाला, मीच करतो. गाडीत चढला तर तोंडातून शब्द फुटेना! शेवटी कसंबसं विचारलं, आणि समोरचा माणूस निमूट उठला. मिलग्रम बसला खरा, पण जागा मागण्याला काहीतरी कारण हवंच असं त्यालाच वाटू लागलं. आजारी असल्यासारखं डोकं गुडघ्यांत घालून तो बसून राहिला, आणि त्याचा चेहरा खरोखरच पांढरा पडत गेला. गाडीतून उतरला तेव्हा कुठे बरं वाटलं.