संत ग्रेगरी महान

माणसें बिघडलीं, जगाचा अंत जवळ आला, असें आपण वारंवार ऐकतों. हें मनापासून मानूनहि ज्यांनीं हातचें काम टाकिलें नाहीं, अशा एका परमगुरूंचें चरित्र आठवूं या.

ग्रेगरी यांचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास रोम येथें श्रीमंत कुळांत झाला. ऐन उमेदींत ते शहराचे मुख्य अधिकारी झाले. पुढें तें वैभव सोडून त्यांनीं आपल्या वाड्याचाच मठ केला व संन्यस्त जीवन पत्करिलें. ५७९ मध्यें पोप पेलाजियस दुसरे यांनीं त्यांस आपले वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलास धाडिलें. तेथें मठबंधूंस त्यांनीं ईयोबाच्या पुस्तकाचें निरूपण केलें. त्यांतूनच ३५ भागांचा ग्रंथ सिद्ध झाला. गर्व हें पापांचें मूळ असून त्यापासून पोकळ मोठेपणा, मत्सर, क्रोध, खिन्नता, लोभ, खादाडपणा व कामवासना हे सात सेनापति निघतात, आणि प्रत्येकामागें इतर पापांची फौज चालते, असें त्यांत दाखविलें आहे. आपल्या धर्मशिक्षणांतील सात मुख्य पापांची यादी त्यावरूनच आली.

५८९ मध्यें टायबर नदीस महापूर आला, धान्याचीं कोठारें बुडालीं, मागोमाग महामारी आली आणि पोप पेलाजियस निवर्तले. लोकांनीं ग्रेगरींस निवडिलें. त्यांनीं प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढविल्या. ३ सप्टेंबर ५९० रोजीं त्यांचा अभिषेक झाला. पुढें लोंबार्डांनीं रोमला वेढा दिला, तेव्हां जगाचा शेवट जवळ आला अशी त्यांची खात्री झाली.

तरीहि ते हात जोडून बसले नाहींत. ख्रिस्तसभेच्या सिसिलीमधील जमिनींचें धान्य त्यांनीं गरिबांस वांटिलें, शत्रूशीं तह केला आणि ५९६ मध्यें ऑगस्टीन यांस इंग्लंडकडे रवाना केलें. शरीर व्याधींनीं जर्जर होतें. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षांनीं जागतिक अशी पदवी मिरविली, तेव्हां त्या गर्वांत त्यांस ख्रिस्तविरोधकाची चाहूल दिसली. स्वतःस मात्र ते देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवीत. १२ मार्च ६०४ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

बंधुभगिनींनो, अंताचा दिवस पित्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. शेजाऱ्याचीं पापें मोजून तो कळणार नाहीं. आपल्या अंतःकरणांतील गर्व शोधावा, दारच्या भुकेल्यास भाकर द्यावी. मग प्रभु केव्हांहि येवो, तो आपणांस जागे पाहील.