नाशिकची बॅरिस्टर

आमच्या भाचीने बी.ए. झाल्यावर वकिलीला जायचे ठरवले आणि घरात दोन दिवस खल झाला. आणखी तीन वर्षे घालवायची, मग लग्न कधी, असा तिच्या आजीचा हिशेब. मला मात्र शरणपूरची आठवण झाली. आज शरणपूर रोडवर वाहनांची रीघ असते, पण एकोणिसाव्या शतकात ही गावाबाहेरची ख्रिस्ती मिशनची वस्ती होती. त्याच मिशनचे काम करणाऱ्या सोराबजी खरसेदजी यांची मुलगी कॉर्नेलिया 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशकात जन्मली.

वडील पारशाचे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना मोठी कर्तबगार. पुढे पुण्यात तिने व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. मुली शिकल्याच पाहिजेत हा घरचा दंडक. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात गेली तेव्हा सगळा वर्ग मुलग्यांचा, आणि ही आली की ते तोंडावर दार लावून घेत. तरी ती पहिल्या वर्गात आली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. पहिल्या येणाऱ्यास विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. पण पहिला आला नव्हता, पहिली आली होती, म्हणून ती नाकारली गेली. थेट पार्लमेंटात प्रश्न निघाला, उपयोग झाला नाही. मधल्या काळात तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना इंग्रजी शिकवले. अखेर इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली (त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या) आणि 1889 मध्ये ती ऑक्सफर्डला पोहोचली.

1892 साली खास परवानगीने कायद्याच्या परीक्षेला बसणारी ती तिथली पहिली स्त्री. उत्तीर्ण झाली, पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती द्यायला 1920 साल उजाडले. परत येऊन तिने मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. सनद मात्र नाहीच.

मला खरे कौतुक वाटते ते यापुढचे. गोषातल्या विधवा, राण्या, जमीनदारांच्या सुना यांच्या नावावर इस्टेटी असत, पण परपुरुषासमोर येता येत नसल्याने वकिलाशी बोलायची सोय नव्हती. कारभारी सांगेल तिथे अंगठा उठवायचा. कोर्टात जाता येत नाही तर पडद्याआड जाऊ, असे कॉर्नेलियाबाईंनी ठरवले आणि सरकारकडे लकडा लावला. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा मुलूख त्यांनी पालखीतून, होडीतून पालथा घातला. सहाशेच्या वर बायका-मुलांची प्रकरणे त्यांनी हाताळली असे सांगतात. कुणाची पोटगी, कुणाच्या मुलाचे शिक्षण, कुठे तर जिवालाच धोका.

बहिणींच्या वाटा निराळ्या. अ‍ॅलिस लंडनला डॉक्टर झाली आणि सरहद्दीवरच्या बन्नूला पठाणांमध्ये राहिली. सूझीने पुण्यात सेंट हेलेना शाळा काढली.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. कॉर्नेलियाबाई शेवटपर्यंत इंग्रजी राज्याच्या बाजूने राहिल्या, गांधीजींना त्यांनी विरोध केला, आणि भारताची नालस्ती करणाऱ्या कॅथरिन मेयो यांची 1927 साली पाठराखण केली. त्यामुळे पुष्कळ स्त्रिया त्यांना दुरावल्या, हाती घेतलेली समाजकार्ये मोडली. आपल्याकडे त्यांचे नाव मागे पडले त्याचे हेही एक कारण असावे.

1921 साली अलाहाबाद हायकोर्टाने सनद दिली. 1923 च्या कायद्याने देशभरच्या स्त्रियांना वकिली खुली झाली आणि 1924 मध्ये त्या कलकत्त्यात बॅरिस्टर म्हणून काम करू लागल्या. परीक्षा होऊन बत्तीस वर्षे लोटली होती. तिथेही बहुतेक वेळा लेखी सल्ल्याचेच काम वाट्याला आले. पाच वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, लंडनला गेल्या आणि 1954 मध्ये तिथेच वारल्या.

रात्री जेवताना हे सगळे मी आजींना सांगितले. बत्तीस वर्षांचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग भाचीला म्हणाल्या की फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे ते आधी बघ.