हृदयारोपणाच्या वाटेवरील पहिले पाऊल : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांच्या विजयांचीच नोंद घेतो. ज्याने गड सर केला त्याचे नाव इतिहासात राहते. परंतु ज्याने प्रथम तटाला शिडी लावली आणि जो खाली कोसळला, त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या छायेत वाढणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना ही गोष्ट खरे म्हणजे आधीच उमगावयास हवी होती. तथापि ती उमगली एका निराळ्याच निमित्ताने.

यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आम्ही वर्गमित्र दर्पण कॉलनीच्या रस्त्यांवरून धावलो. ही काही शर्यत नव्हती. मरणोत्तर अवयवदान व ऊतिदान यांविषयी लोकांस माहिती व्हावी आणि गरजू रुग्णांसाठी थोडा निधी जमावा, एवढाच त्या धावण्याचा हेतू होता. छातीवर कागदी फलक लावून आणि हाती पत्रके घेऊन आम्ही थाटीपूरच्या बाजूने परत येत असता एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी आम्हांस थांबविले. डोळे काढून दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येते काय, असे त्यांनी विचारले. नंतर त्यांनी आणखी एक प्रश्न केला. एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविण्याचा हा उद्योग आपल्या देशात प्रथम केला तरी कोणी, आणि तो रुग्ण वाचला काय? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हांपैकी एकालाही देता आली नाहीत. शाळेत येऊन गुरुजींना विचारले, ग्रंथालयातील पुस्तके चाळली, आणि ज्या पुरुषाची ओळख झाली त्याचे हे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्ता येथे झाला. जन्माने ते बंगाली. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबई. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि त्याच आवारातील किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या के. ई. एम. मध्ये, पुढे त्यांचे आयुष्य खर्ची पडले.

या संस्थेचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९२६ साली ती सुरू झाली तेव्हा देशावर परकीयांचे राज्य होते, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांतील वरच्या जागा बहुशः इंग्रज डॉक्टरांकडे असत. महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी मात्र अशी अट घातली होती की, येथील अध्यापक हिंदी लोकच असावेत. हिंदी माणूस वैद्यकात कोणाहूनही उणा नाही, हे दाखविण्याच्या जिद्दीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूत सेन यांचे मन घडले. शिवाय हे रुग्णालय मुंबई महापालिकेचे. गिरण्यांतील कामगार, हमाल, खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी असे गोरगरीबच तेथे उपचारांसाठी येत. सेन यांचे रुग्ण हे होते, ही गोष्ट पुढील हकिकत समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

त्या काळी हृदयावर शस्त्र चालविणे म्हणजे मोठेच साहस मानले जाई. हृदय एकसारखे धडधडत असते. ते थांबले तर मेंदू काही मिनिटांतच निकामी होतो. असे असता त्यावर शस्त्रक्रिया करावी कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत व युरोपात या प्रश्नाची उत्तरे मिळू लागली होती. सेन यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जाऊन शिक्षण घेतले आणि परत येऊन परळच्या रुग्णालयात या नव्या विद्येचा पाया घातला.

आपल्या देशात सांधेतापामुळे हृदयाची झडप आकसण्याचा रोग तरुणांतही फार आढळे. अशा रुग्णास चार पायऱ्या चढताही धाप लागे. धडधडत्या हृदयात बोट घालून ती आकसलेली झडप मोकळी करावयाची, अशी शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सेन व त्यांचे सहकारी करू लागले. त्यानंतर हृदय उघडून त्यातील दोष दुरुस्त करण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. परदेशातून आणलेले प्रत्येक यंत्र महाग, आणि महापालिकेची तिजोरी मर्यादित! तेव्हा प्रयोगशाळेत आधी स्वतः करून पाहावयाचे, हात पक्का करावयाचा, मगच रुग्णाकडे वळावयाचे, असा त्यांच्या विभागाचा परिपाठ होता.

सेन केवळ परक्यांचे अनुकरण करणारे नव्हते, हे दाखविणारे एक उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. माणसाच्या हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या असतात, आणि त्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात मात्र आतील पोकळीतले रक्त थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयाच्या स्नायूस बारीक छिद्रे पाडून तीच वाट करून दिली तर काय होईल? या कल्पनेवर केलेल्या प्रयोगांचा निबंध सेन यांनी १९६५ साली अमेरिकेतील एका विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केला. डॉ. उडवाडिया, डॉ. किणारे व डॉ. परुळकर हे त्या निबंधाचे सहलेखक होते. पुढे कित्येक वर्षांनी पाश्चात्त्य शस्त्रवैद्यांनी लेसर किरणांच्या साहाय्याने हीच कल्पना पुन्हा हाती घेतली.

याच सुमारास अवयवारोपणाचा ध्यासही त्यांना लागला होता. कुत्र्यांवर हृदयारोपणाचे प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत चालू होते. इतक्यात ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पाठोपाठ अमेरिकेत डॉ. कॅन्ट्रोविट्झ व डॉ. शमवे यांनीही हा प्रयत्न केला. आणि १९६८ च्या फेब्रुवारीत, १६ तारखेस, परळच्या महापालिका रुग्णालयात डॉ. सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. जगातील ते सहावे हृदयारोपण होते आणि असे धाडस करणारे सेन हे चौथे शस्त्रवैद्य. आशिया खंडात तोवर कोणीही हे केले नव्हते.

रुग्ण होता २७ वर्षांचा एक शेतकरी. नवे हृदय त्याच्या छातीत बसविण्यात आले आणि ते धडधडूही लागले. परंतु अवघ्या तीन तासांत ते थांबले! यात हातांच्या कौशल्याची उणीव नव्हती. दीर्घ दुखण्यामुळे त्या रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला होता. निरोगी माणसाच्या हृदयाची उजवी बाजू कमी दाबाविरुद्ध काम करण्यास सरावलेली असते. दात्याच्या निरोगी हृदयावर एकाएकी हा मोठा भार पडला आणि ते थकले. आज अशा शस्त्रक्रियेपूर्वी फुप्फुसांतील दाब काळजीपूर्वक मोजतात आणि तो फार असल्यास केवळ हृदय बदलीत नाहीत. हे ज्ञान अशा रुग्णांच्याच मृत्यूतून जगाला मिळाले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण १४ तास जगला.

येथे आमच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो वाचकांच्याही मनात येईल. जो प्रयत्न तीन तासांत संपला तो करावयास हवा होता काय? ज्या देशात साध्या औषधावाचून माणसे दगावत होती, तेथे इतका खर्च व श्रम एका शस्त्रक्रियेवर करणे योग्य होते काय? असा आक्षेप त्या काळी घेतला गेला, आणि तो अगदीच पोकळ होता असे आम्हांस म्हणवत नाही. गंमत म्हणून कोणी असे करील तर तो अपराधच ठरेल. परंतु ज्याचे हृदय पूर्ण निकामी झाले आहे, त्याच्यापुढे त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. आणि आपल्या देशातील गरीब शेतकऱ्यासाठी ही विद्या नाही, ती केवळ श्रीमंत देशांतील लोकांसाठी आहे, असे सेन यांनी मानले नाही. आम्हांस वाटते, त्यांचा मोठेपणा यातच आहे.

सेन यांच्यापुढे दुसरी अडचण होती ती कायद्याची. मृताच्या डोळ्यांतील पारदर्शक पटल अंधास बसविता यावे म्हणून मुंबई राज्याने १९५७ साली कायदा केला होता. पण डोळ्यांचे दान मृत्यूनंतर काही तासांनीही चालते. हृदयाचे तसे नाही. ते बहुधा शरीरात रक्त खेळते असतानाच काढावे लागते. मग मृत्यू झाला असे म्हणावयाचे केव्हा? हृदय थांबल्यावर की मेंदू कायमचा मृत झाल्यावर? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूची लक्षणे जगापुढे मांडली ती ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी! आपल्या देशात तर मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. दिवा नसलेल्या वाटेने हा पुरुष चालला होता, असेच म्हटले पाहिजे.

१९६९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. परंतु हृदयारोपण पुढे जगभरच मंदावले. कारण परके हृदय शरीर स्वीकारीत नसे. सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर, १९८० नंतर, या विद्येला पुन्हा बहर आला. तो पाहण्यास मात्र सेन उरले नाहीत. १९८२ साली त्यांचे निधन झाले. १९९४ च्या जुलैत अवयवारोपणाचा कायदा झाला आणि लगेच ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. परळच्या त्या रात्रीस तेव्हा २६ वर्षे होऊन गेली होती. आज ३ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशात अवयवदान दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्यान्वये मेंदूमृत्यूचा निर्णय कोणी एकटा डॉक्टर घेत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ ठरलेल्या चाचण्या करते, आणि निदान सहा तासांच्या अंतराने त्या पुन्हा कराव्या लागतात. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश कायद्यात झाला. एका मेंदूमृत दात्याकडून हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड व आतडे इतके अवयव मिळू शकतात. डोळ्यांची पटले, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा या ऊती निराळ्याच. यांतील डोळ्यांचे दान तर घरी मृत्यू आल्यासही, साधारण सहा तासांच्या आत, करता येते. वृद्धत्व किंवा चष्मा त्याच्या आड येत नाही.

हे सर्व जाणून घेतल्यावर आम्ही पुन्हा त्या आजींकडे गेलो. पुढच्या जन्माविषयी बोलण्याचा अधिकार आम्हां मुलांस नाही, हे आम्ही त्यांस नम्रपणे सांगितले. परंतु देवांसाठी अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींना कोणी अपूर्ण म्हणत नाही, उलट त्यांस प्रातःस्मरणीय मानतात, याची आठवण मात्र दिली. नंतर परळच्या त्या तीन तासांची हकिकत सांगितली. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, ज्या घरच्या माणसांनी आपल्या माणसाचे हृदय दिले, त्यांचे पुढे काय झाले? आमच्यापाशी उत्तर नव्हते. सेन यांचे नाव ग्रंथांत राहिले, त्या शेतकऱ्याची नोंदही राहिली. पण आपल्या दुःखाच्या घडीस होकार देणारे ते घर कोणाच्याच ध्यानात नाही. आजींना ते सर्वांआधी आठवले.

मृत व्यक्तीने प्रतिज्ञापत्र भरले असले तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची संमती घ्यावीच लागते. म्हणजे शस्त्रवैद्य कितीही निष्णात असो, अखेरचे दार उघडते ते घरातूनच. आम्हांस अद्याप अठरा वर्षे पूर्ण झाली नसल्याने प्रतिज्ञापत्र भरण्याचा अधिकार नाही. परंतु रात्री जेवताना आईवडिलांशी, आजीआजोबांशी हा विषय काढण्यास वयाची अट नाही. आम्हांपैकी काहींनी तो काढला. कोठे होकार मिळाला, कोठे रागावणे पदरी पडले, कोठे नुसतेच मौन. पहिलाच प्रयत्न यशस्वी व्हावा असा आग्रह आम्ही धरीत नाही; तो न धरण्यास डॉ. सेन यांच्या चरित्राने आम्हांस शिकविले आहे. बंधुभगिनींनो, आपणही आपल्या घरी हा विषय एकदा अवश्य काढावा, एवढीच या लेखाच्या शेवटी आमची विनंती आहे.